ट्राउटच्या विणीची तारीख

रेनबो ट्राउट हा थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यातला मासा. त्याची मादी साधारणपणे वर्षातून एकदाच अंडी देते. एकाच तलावात, एकाच खाद्यावर वाढलेल्या शंभर माद्या घेतल्या तरी त्या सगळ्या एकाच आठवड्यात अंड्यावर येत नाहीत. पहिली आणि शेवटची यांच्यात दोन महिन्यांचे अंतर सहज पडते. मात्र यंदा हंगामाच्या सुरुवातीला अंडी देणारी मादी पुढच्या वर्षीही बहुधा त्याच सुमारास देते आणि तिच्या मुलीही लवकर अंडी देणाऱ्याच निघतात. विणीची तारीख हा ट्राउटमध्ये ठळकपणे वारशाने उतरणारा गुण आहे. मत्स्यशेतीला ही गोष्ट जितकी उपयोगाची तितकीच जोखमीची. बीजकेंद्रात कोणत्या दिवशी कोणत्या मादीची अंडी काढली गेली, यावरून पुढच्या पिढीचा हंगाम ठरतो आणि तिच्यात आनुवंशिक वैविध्य किती उरणार हेही ठरते.

या माशाचे शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. पॅसिफिक महासागराच्या दोन्ही काठांवरच्या नद्या हे त्याचे मूळ घर: पश्चिमेला रशियाचा कामचात्का, पूर्वेला अलास्कापासून थेट मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंतचा किनारा. काही ट्राउट जन्मभर नदीतच राहतात; काही सामनसारखे समुद्रात उतरतात, तिथे वाढतात आणि विणीसाठी नदीत परततात. या सागरी ट्राउटला तिकडे स्टीलहेड म्हणतात. जात एकच, पण नदीगणिक स्वभाव वेगळा, आणि विणीचा काळही वेगळा.

रानटी रेनबो ट्राउट बहुतांशी वसंतात अंडी घालतो. मादी नदीच्या तळाशी गोट्या-वाळूत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरून पुन्हा खडी लोटते. पुढचे सगळे काम पाण्याच्या तापमानावर चालते. अंडी उबण्यासाठी सुमारे ३३० अंश-दिवस लागतात, म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज साधारण तेवढी व्हावी लागते. दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात हे काम महिन्याभरात होते, पाच अंशांच्या पाण्यात दोन महिन्यांहून अधिक लागतात. फार लवकर घातलेली अंडी हिवाळी पुरात वाहून जातात किंवा पिल्ले खाद्य नसलेल्या थंड नदीत बाहेर पडतात. फार उशीर झाला तर पिल्लांना उन्हाळ्याचे आटते, तापते पाणी गाठते आणि पुढच्या हिवाळ्याआधी अंग धरायला वेळ उरत नाही. या दोन टोकांमध्ये प्रत्येक नदीने आपापली तारीख हजारो वर्षांत पक्की केली. हिमनदीच्या वितळत्या पाण्यावर चालणाऱ्या ओढ्याची तारीख वेगळी, झऱ्यांच्या स्थिर पाण्याची वेगळी. शेतीतल्या ट्राउटचा सगळा इतिहास या नदीगणिक जमलेल्या ठेवीवर उभा आहे.

ही ठेव नद्यांमधून बाहेर पडली ती मुख्यतः कॅलिफोर्नियातून. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी मॅकक्लाउड नदीवर अमेरिकी सरकारचे बेअर्ड केंद्र उभारले. ते होते सामनच्या अंड्यांसाठी. विनेमेम विंटू या तिथल्या मूळ रहिवाशांनीही त्या केंद्रात काम केले. १८७९ मध्ये जवळच ट्राउटची तळी सुरू झाली आणि तिथली अंडी बर्फ व शेवाळ भरलेल्या पेट्यांतून देशभर आणि परदेशांत जाऊ लागली. कॅलिफोर्नियाच्या इतर ओढ्यांतली अंडीही याच काळात बाहेर पडत होती. १८७७ मध्ये रेनबो ट्राउट जपानला पोहोचला, १८८३ मध्ये न्यूझीलंडला, आणि त्याच दशकात युरोपात. पेटीत बऱ्याचदा नदीत राहणाऱ्यांची आणि समुद्रातून येणाऱ्यांची अंडी एकत्र असत. पुढे एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेल्यावर त्यांचे आणखी संकर झाले. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणाच्या पाण्याखाली बेअर्ड केंद्राची जागा गेली. जगभरच्या ट्राउटशेतीतले आजचे बहुतेक कळप मात्र अशाच जुन्या, मिश्र पाळामुळांचे आहेत. मिश्रणामुळे त्यांच्यात विणीच्या काळाची विविधता भरपूर होती, आणि निवडीने हंगाम हवा तसा सरकवता आला तो त्यामुळेच.

उत्तर गोलार्धातला हा मासा न्यूझीलंडला गेला तेव्हा त्याच्या विणीचा महिना बदलला, ऋतू मात्र फारसा बदलला नाही. तिथे तो जून ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे तिथल्या हिवाळ्या-वसंतात अंडी देऊ लागला. यावरून उघड होते की मासा आपला काळ आजूबाजूच्या खुणांवरून लावतो. त्यातली सर्वांत भरवशाची खूण म्हणजे दिवसाची लांबी. पाण्याचे तापमान एखाद्या वर्षी लवकर चढते, एखाद्या वर्षी उशिरा. दिवस कधी लांबायला लागतो आणि कधी आखडायला लागतो यात मात्र चूक होत नाही.

ट्राउटच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, कवटीच्या पातळ भागाखाली, पिनिअल ग्रंथी असते. डोळ्यांखेरीज ही ग्रंथीही थेट प्रकाश ओळखते. अंधार असेपर्यंत तिच्यातून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते, म्हणून रात्र जितकी मोठी तितका मेलाटोनिनचा काळ मोठा. या बदलत्या मापावरून शरीराला वर्षाची वेळ कळते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला चालना देतो, पियुषिका अंडाशयाला, अंडाशयातले इस्ट्रोजेन यकृताला. आणि यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार करून रक्तात सोडते. हेच प्रथिन अंड्यात साठून बलक होते. बलक भरण्याचे काम कित्येक महिने चालते. जानेवारीत अंडी देणाऱ्या मादीच्या पोटात त्याची तयारी आदल्या उन्हाळ्यातच सुरू झालेली असते. अखेरीस दुसऱ्या एका संप्रेरकाच्या इशाऱ्यावर अंडी पक्व होतात, अंडाशयापासून सुटतात आणि पोटाच्या पोकळीत मोकळी पडून राहतात.

केवळ उजेडच सगळे ठरवतो असे नाही. ब्रिटनमध्ये नायल ब्रोमेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ट्राउट कायम एकाच लांबीच्या दिवसात ठेवून पाहिले. ऋतूची कोणतीही खूण नसतानाही मासे अंड्यावर येत राहिले. फक्त दोन विणींमधले अंतर बारा महिन्यांचे न राहता कमी-जास्त झाले. म्हणजे माशाच्या शरीरात वर्षाचे एक स्वतःचे घड्याळ आहे आणि बदलता दिवस त्याचे काटे दरवर्षी जुळवून देतो. याच प्रयोगांतून मत्स्यशेतीला एक हत्यार मिळाले. आधी काही महिने कृत्रिम दिव्यांनी दिवस मोठा ठेवायचा आणि मग एकदम लहान करायचा. असे केले की वीण काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही अलीकडे येते. उलट मोठे दिवस उशिरा दिले तर ती पुढे जाते.

मात्र एकाच छपराखाली, एकाच दिव्यांच्या उजेडात ठेवलेल्या माद्याही एका दिवशी अंड्यावर येत नाहीत. प्रकाश कळपाचा सरासरी काळ सरकवतो. त्या सरासरीच्या अलीकडे-पलीकडे कोण राहणार, हे बऱ्याच अंशी रक्तात असते. हा वाटा किती, ते मोजण्यासाठी पैदासशास्त्रात आनुवंशिकतेचा अंक वापरतात. माशा-माशांमधल्या फरकापैकी जेवढा हिस्सा आईबापांकडून मुलांत उतरतो तेवढा हा अंक, शून्य ते एकच्या दरम्यानचा. ट्राउटच्या वाढीच्या वेगासाठी तो बहुतेक अभ्यासांत पाव ते एक-तृतीयांश येतो. विणीच्या तारखेसाठी मात्र तो निम्म्याच्या घरात किंवा त्याहून वर जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात ग्रॅहम गॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवकर अंडी देणाऱ्या माशांची पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. कळपाचा हंगाम प्रत्येक पिढीत अलीकडे सरकत गेल्याचे त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले.

निम्म्या आनुवंशिकतेचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कळपाची विणीची सरासरी तारीख २० जानेवारी आहे. पैदाशीसाठी सरासरीपेक्षा १६ दिवस आधी अंड्यावर आलेल्याच माद्या निवडल्या. नरही तसेच लवकरच्या घराण्यातले मिळाले तर मुलींचा हंगाम एका पिढीत सुमारे आठ दिवसांनी अलीकडे येईल. नर सरसकट घेतले तर चार दिवसांनी. नराची अडचण अशी की त्याची तारीख नीट मोजता येत नाही, कारण तो आठवडेच्या आठवडे वीर्य देत राहतो. तरीही मुलींच्या तारखेचा अर्धा वारसा त्याच्याकडून येतो. वळू स्वतः दूध देत नसला तरी कालवडीच्या दुधाचा गुण त्याच्याकडून उतरतो, तसेच हे. म्हणून चांगल्या पैदास केंद्रात नराची निवड त्याच्या आईच्या आणि बहिणींच्या नोंदींवरून करतात.

हा वारसा कोणत्या जनुकांत आहे, याचा शोध १९९० च्या दशकाअखेरीस सुरू झाला. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील रॉय डॅन्झमन, मोइरा फर्ग्युसन आणि जपानी सहकारी ताकाशी साकामोतो यांनी १९९९ मध्ये विणीच्या काळाशी निगडित असलेले गुणसूत्रांवरचे अनेक पट्टे दाखवून दिले. २००६ मध्ये त्याच गटाने दाखवले की यांतला एक सर्वांत प्रभावी पट्टा जिथे आहे तिथेच ‘क्लॉक’ हे जनुक बसते. हे जनुक दिवस-रात्रीच्या लयीशी संबंधित आहे आणि माशीपासून माणसापर्यंत त्याची भावंडे आढळतात. दिवसाची लांबी मोजणाऱ्या यंत्रणेतलेच जनुक वर्षाच्या तारखेशी जोडलेले सापडावे, हे या संशोधनातले फार सुंदर जुळणारे कोडे आहे. तरी एकटे क्लॉक सगळे ठरवते असे नाही. पट्टे अनेक आहेत आणि बहुतेकांचा वाटा थोडा-थोडा आहे. शिवाय ट्राउट-सामन कुळाच्या पूर्वजात कोट्यवधी वर्षांपूर्वी संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यामुळे ट्राउटमध्ये कित्येक जनुकांच्या अजूनही दोन-दोन प्रती आहेत. २०१४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने रेनबो ट्राउटचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि ही गुंतागुंत वाचणे सोपे झाले.

पाळीव ट्राउट या वारशाच्या जोरावर रानटी पूर्वजांपासून किती दूर गेला, हे पाहण्यासारखे आहे. रानात वसंतात विणणारा मासा आज जगातल्या बहुतेक शेतांवर शरदात किंवा ऐन हिवाळ्यात अंडी देतो. बदल काही अंशी मुद्दाम घडवलेला आहे. लवकर अंडी, लवकर पिल्ले, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विक्रीजोगा मासा, हा हिशेब शेतकऱ्याला सोयीचा. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लॉरेन डोनाल्डसन यांनी १९३२ पासून चार दशके मोठे, लवकर वयात येणारे आणि जास्त अंडी देणारे ट्राउट निवडले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कळप पुढे अनेक देशांत गेला. आज वेगवेगळ्या हंगामांत विणणारे कळप हे बीज कंपन्यांचे भांडवलच आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राउटलॉज कंपनीकडे मे महिन्यात अंडी देणारा कळप आहे. इतरत्र शरदातले आणि हिवाळ्यातले आहेत. असे कळप आणि दिव्यांची जोड यांमुळे डोळे आलेली अंडी, म्हणजे कवचातून पिल्लाचे काळे डोळे दिसू लागलेली आणि प्रवास सोसणारी अंडी, युरोप-अमेरिकेत बारा महिने विकत मिळतात. बाराही महिने बीज मिळाले की तलाव रिकामे राहत नाहीत आणि बाजारात एकाच मापाचा मासा सतत जाऊ शकतो.

तारखेचे महत्त्व किती, ते अंडी काढण्याच्या दिवशी प्रत्यक्ष दिसते. हंगामात प्रजनक माद्या दर आठवड्याला जाळ्यात धरून एकेक तपासतात. पिकलेल्या मादीचे पोट मऊ, लोंबते लागते. शेपटीकडून उचलली की आतली अंडी पुढे सरकल्याचे बोटांना कळते. गुदद्वाराजवळची जागा लालसर आणि किंचित बाहेर आलेली असते. गुंगीच्या औषधाच्या पाण्यात तिला शांत करून अंग कोरडे पुसतात, कारण पाण्याचा थेंब आधीच अंड्यांवर पडला तर फलन बिघडते. मग छातीकडून शेपटीकडे अंगठ्याने हलका दाब देत नेले की नारिंगी, वाटाण्याहून लहान, चार-पाच मिलिमीटर व्यासाची अंडी कोरड्या घमेल्यात धारेने पडतात. किलोभर वजनाच्या मादीला साधारण दीड ते दोन हजार. त्यावर नराचे दुधासारखे वीर्य पिळून पिसाने किंवा हाताने ढवळतात आणि नंतरच पाणी घालतात. पाणी लागताच शुक्रजंतू जागे होतात, ते अर्धा-एक मिनिटच धावतात, आणि तेवढ्यात फलन उरकते. अंडी पाणी शोषून फुगतात, घट्ट होतात.

ही सगळी कसरत योग्य आठवड्यात झाली तरच फळते. सुटी झालेली अंडी पोटात फार दिवस चांगली राहत नाहीत. दहा अंशांच्या पाण्यात पहिला आठवडा-दीड आठवडा त्यांचा. पुढे ती जास्त पिकून निकामी होऊ लागतात. शंभर माद्या दोन महिन्यांत पसरल्या असतील तर आठ-नऊ फेऱ्या कराव्या लागतात, प्रत्येक फेरीत मासे दमतात, माणसे गुंततात. म्हणून केंद्रचालकाला दाट हंगाम आवडतो. त्यातून उबवणीघराची जागा आणि वरून मिळालेले अंड्यांचे उद्दिष्ट ठरलेले असते. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत उद्दिष्ट पुरे झाले की उशिराच्या माद्या नुसत्या मोकळ्या करतात किंवा बाजारात पाठवतात. कुणीही निवड केली, असे त्या केंद्रात कुणालाच वाटत नाही. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक आनुवंशिकता असलेल्या गुणावर कडक निवड झालेली असते. काही पिढ्यांत हंगाम अलीकडे येतो आणि आखडतो, आणि उशिराच्या माद्यांमधली जनुके कळपातून निघून जातात. त्यांत फक्त उशिराची तारीख नसते. रोगप्रतिकार, उष्णता सोसण्याची ताकद, खाद्य अंगी लावण्याची क्षमता यांचेही काही प्रकार त्यांच्याबरोबर जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

वैविध्य घटवणारा दुसरा रस्ता नरांमधून जातो. थोड्या वीर्यात पुष्कळ अंडी फळतात, म्हणून थोडे नर ठेवणे स्वस्त पडते. शंभर माद्या आणि चार नर वापरले तर मासे १०४ दिसतात, पण आनुवंशिक हिशेबाने तो कळप जेमतेम १५ माशांचा ठरतो. नर-मादींच्या संख्यांचा गुणाकार चौपट करून त्याला दोन्हींच्या बेरजेने भागले की हा ‘प्रभावी’ आकडा मिळतो. अशा कळपात अंतःप्रजनन दर पिढीला सुमारे सव्वातीन टक्क्यांनी वाढते. तेच ५० नर आणि ५० माद्या घेतल्या तर प्रभावी आकडा १०० होतो आणि वाढ अर्ध्या टक्क्यावर येते. अनेक नरांचे वीर्य एकत्र कालवून वापरणे हाही उपाय वाटतो, पण खरा नव्हे. त्या मिश्रणात एखाद-दोन जोमदार नरांचे शुक्रजंतूच बहुतेक अंडी फळवून जातात. केवळ माद्यांचे पीक घेण्यासाठी लिंगबदल केलेले थोडे नर वापरतात, तिथे तर ही काळजी आणखी घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट विणीच्या काळाच्या स्वभावातच आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पहिल्या आठवड्यातल्या मादीला वीर्य मिळते ते तेव्हा तयार असलेल्या नराचे. शेवटच्या आठवड्यातलीला तेव्हाच्या नराचे. लवकरचे लवकरच्यांशी आणि उशिराचे उशिराच्यांशी जुळत राहतात. एकाच तलावात पोहणारा कळप असा आतून हळूहळू दोन घराण्यांत फाटतो, आणि प्रत्येक घराणे आपापल्या जागी लहान होत जाते. रानात नद्यांमधले अंतर जे करते ते इथे दिवसांमधले अंतर करते.

रक्ताच्या जवळिकीची किंमत ट्राउटमध्ये मोजलेली आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरोल्ड किन्केड यांनी १९७६ मध्ये सख्ख्या भावा-बहिणींच्या संकराचे परिणाम प्रसिद्ध केले. एकाच पिढीत पिल्लांतले व्यंग वाढले, पिल्ले जगण्याचे प्रमाण घटले आणि वर्षाच्या माशाचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक कमी झाले. खाद्याचा खर्च तोच, मासा मात्र हलका.

उपाय माहीत आहेत आणि ते अवघड नाहीत. नॉर्वेत १९७० च्या दशकात ट्रिग्वे येड्रेम आणि हाराल्ड शेरवोल्ड यांच्या पुढाकाराने सामन व ट्राउटची कुटुंबवार पैदास सुरू झाली. फिनलंडमध्येही रेनबो ट्राउटचा राष्ट्रीय पैदास कार्यक्रम चालतो. अशा ठिकाणी प्रत्येक माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप असते. एका मादीची अंडी वेगवेगळ्या भागांत वाटून त्यांना वेगवेगळ्या नरांचे वीर्य देतात, आणि कोण कुणाचे हे डीएनए तपासून ठरवता येते. लवकरच्या नराचे वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उशिराच्या मादीसाठी वापरता येते, म्हणजे दोन घराण्यांतली फाट सांधता येते. उलटे मात्र जमत नाही. ट्राउटचे अंडे मोठे आणि बलकाने भरलेले असल्याने ते गोठवून जिवंत राखता येत नाही, म्हणून उशिराची मादी जिवंत सांभाळण्याला पर्याय नाही.

शेतीतला बदललेला हंगाम रानात गेला तर काय होते, याचे उदाहरण वॉशिंग्टन राज्यात घडले. चेंबर्स क्रीक येथील स्टीलहेड कळपात विसाव्या शतकाच्या मध्यापासून लवकर विणणाऱ्यांची निवड झाली, कारण लवकरच्या अंड्यांतून वर्षभरात समुद्रात सोडण्याजोगी पिल्ले होत. तिथले रानटी स्टीलहेड वसंतात विणतात. हे केंद्रातले मासे मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत विणू लागले. लाखो पिल्ले अनेक नद्यांत सोडली गेली. परतलेल्या माशांनी नदीत स्वतः अंडी घातली तेव्हा त्यांची पिल्ले रानटी माशांच्या पिल्लांपेक्षा फारच कमी टिकली. केंद्राच्या सोयीची तारीख नदीला मानवली नाही.

भारतात ट्राउट आणण्याचे निलगिरीतले पहिले प्रयत्न १८६० च्या दशकातले. ते फसले. १९०० मध्ये काश्मीरात तपकिरी ट्राउटची अंडी जिवंत पोहोचली. त्यानंतरच्या दशकात एच. सी. विल्सन यांनी निलगिरीत रेनबो ट्राउट रुजवला, आणि अॅव्हलांच येथे उबवणीकेंद्र उभे राहिले. पुढे १९८० च्या दशकात काश्मीरातल्या कोकरनागला युरोपीय मदतीने आणि नंतर हिमाचलातल्या पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने आधुनिक ट्राउटशेती आली. भीमताल येथील केंद्रीय शीतजल मत्स्यसंशोधन संस्था या माशावर काम करते. हिमालयात वीण बहुतांशी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. त्यामुळे बीज वर्षातून एकदाच, तेही पाणी सर्वांत थंड असताना मिळते. निलगिरीत वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान दिवसात फरक सव्वा तासाच्या आसपास, काश्मीरात तो साडेचार तासांच्या घरात. एकाच जातीच्या दोन कळपांवर प्रकाशाचा इतका वेगळा परिणाम होणारी ठिकाणे एका देशात असणे ही संशोधनाची मोठी संधी आहे. मात्र हे जुने कळप मोजक्या आयातींतून वाढलेले आहेत, म्हणून त्यांतले वैविध्य राखणे ही इथे चैन नव्हे. बाहेरून अंडी आणली तर वैविध्य वाढते. पण परक्या तारखेचा कळप आला की तो आधीच्या कळपाशी जुळतो का, हे आधी पाहावे लागते, आणि रोगतपासणीही कसोशीने करावी लागते.

महाराष्ट्रात ट्राउटशेती होत नाही, कारण पंचवीस अंशांच्या आसपासचे पाणी या माशाला जिवावरचे ठरते आणि आपले जलाशय उन्हाळ्यात त्याहून गरम असतात. पण रोहू, कटला, मृगळ यांची जिरे आणि बोटुकली तयार करणाऱ्या बीजकेंद्रांत हाच प्रश्न आहे. शेजारच्या कर्नाटकातल्या अशा केंद्रांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा थोड्या प्रजनकांमुळे अंतःप्रजनन वेगाने वाढत असल्याचे दिसले होते. ट्राउट असो की रोहू, बीजकेंद्राने तीन गोष्टी कराव्यात: प्रत्येक मादीची तारीख नोंदवहीत लिहावी, पुढच्या पिढीचे प्रजनक संपूर्ण हंगामातून थोडे-थोडे राखावेत, आणि शेवटच्या फेरीत अंड्यावर येणाऱ्या मादीला बाजारात पाठवण्यापूर्वी तिची अंडी घ्यावीत.